ऐंशी मिलिमीटरची मान

मोनाली मुनेश्वर जानेवारीतल्या एका रविवारी शिडी लावून माळ्यावर चढली, ती काही सायकल काढायला नव्हे. माळ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. सप्टेंबरात ती दवाखान्यात असताना तिच्या नवऱ्यानं, राजदीपनं, ते तिथं सरकवून ठेवलं होतं. आत काय आहे ते तिला तोंडपाठ होतं. सासूबाईंनी हातानं शिवलेल्या चार गोधड्या, सहा झबली, एक लोकरीची टोपी. एकदा सोडून बघावं, बघून आपल्याला काही होतं का ते पाहावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण गाठोड्याच्या आड तिची जुनी रेसिंगची सायकल पडलेली. ती हलवल्याशिवाय हात पोचेना. म्हणून तिनं सायकल ओढली, राजदीपला हाक मारून खाली उतरवायला लावली आणि मग, काढलीच आहे तर, म्हणून अंगणात नेऊन पुसायला घेतली. पुसता पुसता अकरा वाजले. नळ आला, पाणी भरायची घाई झाली. शिडी परत भिंतीला लागली आणि गाठोडं जिथल्या तिथं राहिलं.

"सायकल कायले काढली वं?" सासूबाई, रुखमाबाई, दारातूनच बोलल्या.

"साफ करून राह्यली."

"टाके दुखतीन पाह्य."

"नाही दुखत, आई."

दुखतं की नाही ते खरं तर तिला सांगता आलं नसतं. कोणी बोट ठेवून "इथं?" असं विचारलं असतं तर तिनं "हो" म्हटलं असतं, आणि पुन्हा विचारलं असतं तर "नाही".

मोनालीचं माहेर पांढरकवड्याचं. वडील देवराव नगराळे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. घरात हातोडी, पाने, ग्रीसचा डबा या वस्तू भांड्याकुंड्यांइतक्याच हाताशी असायच्या. पोरगी आठवीत असताना शाळेच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हापासून बापाच्या डोक्यात सायकल बसली. पहाटे हैदराबादच्या रस्त्याला मोनाली पुढं आणि देवराव मागं लुनावर, असा त्यांचा कार्यक्रम सात वर्षं चालला. कॉलेजला गेल्यावर त्यांनी तिला ही खरी रेसिंगची सायकल घेऊन दिली. खाली वळलेल्या हँडलाची, बारीक टायरांची, निळी. विद्यापीठाच्या संघातून ती दोनदा खेळली. एकदा पंजाबात देशभरातल्या पोरींमध्ये तेरावी आली. देवराव आजही कोणाशी ओळख करून देताना सांगतात, "माही पोरगी. तेरावी आलती." ऐकणाऱ्याला वाटतं, दहावी-बारावीसारखी ही कुठली तरी परीक्षा असावी.

पुढं तिनं प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स केला, नोकरी लागली, दारव्ह्याला दिली. राजदीप ग्रामसेवक होता, तीन गावं सांभाळायचा. माणूस चांगला. सायकल माळ्यावर गेली ती लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, आणि तिच्यावाचून काही अडलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात मोनालीचं काम रक्त तपासायचं. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची रांग लागायची. एकेकीचं बोट धरायचं, टोचायचं, थेंब घ्यायचा, हिमोग्लोबिनचा आकडा लिहायचा. साडेआठ. नऊ. सात पॉइंट दोन, हिला वर, यवतमाळला पाठवा. गेल्या ऑगस्टात त्या बायांच्या पोटांसमोर तिचंही पोट होतं, आणि त्या हसून विचारायच्या, "तुमचा कितवा चालू हाय मॅडम?"

सातवा संपत आलेला असताना गर्भाशयातली वार आधीच सुटली. यवतमाळला नेईपर्यंत जीव वाचवायची वेळ आली होती, आणि वाचला तो तिचा. पोट कापून बाळ काढलं, ते रडलं नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "काय होतं?" नर्स म्हणाली, "मुलगी." राजदीप बाजूलाच उभा होता. त्यानं आणि त्याच्या मामांनी पोरीला पुरलं. कुठं, ते मोनालीनं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. रुखमाबाईंनी सुती लुगड्याची पट्टी फाडली आणि तिची छाती घट्ट बांधली. बांधताना गाठ त्यांच्या हातून दोनदा सुटली, हे मोनालीनं नीट पाहिलं. समोरच्या घरातलं कोणी काही करत असावं तसं पाहिलं.

घरी आल्यावर राजदीप न्हाणीघरात नळ सोडून रडायचा. तिला ते ऐकू यायचं. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असतो, आपण लक्ष देत नाही, बंद झाला की मगच कळतं, तसं. रजा संपली, ती कामावर गेली. नऊ तारीख आली, रांग लागली, तिनं बोटं टोचली. जेवण जायचं, झोप लागायची, चहात साखर कमी आहे का जास्त ते कळायचं नाही. कोणी भेटायला आलं की म्हणायचं, "चांगली सावरली बाई." ती मान डोलवायची.

सायकल पुसून झाल्यावर तिनं नवे टायर-ट्यूब टाकले, साखळीला तेल दिलं आणि पुढच्या रविवारी सकाळी ती दिग्रसच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. छान वाटलं का? नाही. वाईट वाटलं का? तेही नाही. फक्त हँडल ओढून जोर लावला की पुढून 'कर्र' असा बारीक आवाज यायचा. संध्याकाळी तिनं वडिलांना फोनवर सहज सांगितलं.

"आवाज कोठून येते? चाकातून का वरून?"

"वरून. हँडलपाशी."

"बसू नको तिच्यावर. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसनं आले. बासष्ट वर्षांचा माणूस, पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत पाने आणि डाळिंबं. पाणी पिऊन लगेच सायकलीपाशी बसले. हँडल आणि खालचा दांडा यांना जोडणारा जो हातभर नव्हे, वीतभरही नव्हे असा आखूड तुकडा असतो, स्टेम म्हणतात त्याला, तो त्यांनी कापडानं पुसला आणि त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका बोल्टच्या शेजारी नख अडकलं.

"पाह्य इथं."

केसासारखी रेघ होती. दिसत नव्हती, नखालाच लागत होती.

"लोखंड असतं तर वाकलं असतं, आपल्याले समजलं असतं," देवराव म्हणाले. "हे अल्युमिनियम हाय. एका दिवशी कट्कन जाते आन् माणूस तोंडावर. बदलाच लागते हे."

रुखमाबाई दुरून पाहत होत्या. "काय झालं वो व्याहीबुवा?"

"सायकलची मान तडकली," देवरावांनी त्यांना समजेल असं सांगितलं.

रुखमाबाईंनी ते शेजारच्या इंदूबाईंना सांगितलं, आणि संध्याकाळी इंदूबाई वाटीत कोमट मोहरीचं तेल घेऊन आल्या. "कोण्या बाजूनं धरली मान? इकडं ये, चोळून देतो." घरात सगळे हसले. राजदीपसुद्धा, चार महिन्यांत पहिल्यांदा. हे हसण्यासारखं आहे हे मोनालीलाही कळलं. ती हसली नाही, पण तिनं इंदूबाईंना चहा करून दिला.

आता प्रश्न होता स्टेमचा. दारव्ह्याच्या सायकलच्या दुकानात साध्या सायकलींचं मिळतं, वरून आत घुसवायचं. ते हिच्या कामाचं नव्हतं. मोनालीनं मोबाइलवरून एक मागवलं. चार दिवसांत आलं, काळं, चकचकीत, चार बोल्टचं. खालच्या दांड्यावर नीट बसलं, पण हँडल त्याच्यात टाकलं तर खुळखुळायला लागलं. देवरावांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सांगितलं, जाडी मोज. दवाखान्यातून आणलेल्या पट्टीनं तिनं मोजलं, दोरा गुंडाळून मोजलं. नवं स्टेम जवळपास बत्तीस मिलिमीटरच्या हँडलसाठी होतं. तिचं हँडल सव्वीसच्या आसपास भरत होतं.

"पत्रा घालून बसवू का?" तिनं विचारलं.

"पत्रा घालून बसवाले ते काय खाट हाय?" देवराव चिडले. "परत पाठव ते. यवतमाळले जाऊ."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मोनालीनं सुट्टी टाकली. राजदीपनं ओळखीच्या माणसाच्या पिकअपमध्ये सायकल चढवून दिली आणि तो ग्रामसभेला गेला. रस्त्यानं पळस फुलायला लागले होते. कापसाचे शेवटचे ट्रॅक्टर जिनिंगकडं चालले होते. लाडखेडपाशी पिकअपवाल्यानं पान घेतलं आणि तिलाही विचारलं. तिनं नको म्हटलं. स्टँडवर देवराव उभेच होते.

दुकान आर्णी रोडला होतं. मालक संघदीप भगत, पस्तिशीचा, पुण्यात सायकलच्या मोठ्या दुकानात सहा वर्षं काम करून लॉकडाऊनमध्ये परत आलेला. देवरावांशी जयभीम झाला, कोण कुठले झालं, "तेरावी आलती" झालं. संघदीपनं ते मात्र नीट विचारलं. कोणत्या वर्षी, किती किलोमीटरची, टाइम ट्रायल की सगळ्यांची मिळून. आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. देवराव सांगत गेले. मोनाली भिंतीवरची हेल्मेटं पाहत राहिली.

संघदीपनं जुनं स्टेम काढलं, रेघेवर टॉर्च धरला आणि हँडलला कॅलिपर लावला. "सव्वीस. पंचवीस पॉइंट चारही नाही, बरोबर सव्वीस. पाच-सहा दशांशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण धरत नाही ते. आता हे माप फार कमी येतं ताई." त्यानं जुन्या स्टेमवर मधल्या बोल्टपासून हँडलच्या मध्यापर्यंत टेप लावला. "एकशे दहा. लांब आहे. रेससाठी घेतलं होतं ना?"

"हो."

"माझ्याकडं सव्वीसचं एकच पडलंय, ऐंशीचं. जरा वर उचललेलं. एकशे दहाचं पुण्यातून मागवावं लागेल, आठ-दहा दिवस."

"मागवा," देवराव लगेच म्हणाले. "होतं तसंच पाह्यजे."

"मागवू काका. पण आधी ताईंचं माप घेऊ. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं माप आहे ते."

त्यानं आतल्या बाजूला एक मागचं चाक अडकवायचा स्टँड मांडला, त्यावर सायकल चढवली आणि स्वतःकडचं मापाचं स्टेम लावलं, त्याच्याच जोडीच्या हँडलसकट. ते लांब-आखूड करता यायचं. आधी एकशे दहावर ठेवलं. मोनाली चढली, पेडल मारायला लागली. हात हँडलच्या टोकाशी आपोआप गेले. शरीराला वाट माहीत होती.

संघदीप बाजूला स्टुलावर बसून बघत होता. दोन मिनिटं झाली.

"ताई, श्वास सोडा."

"सोडला."

"नाही सोडला."

तिनं मुद्दाम सोडला. पुढच्या चार पेडलांत तो पुन्हा अडकला. तिला काही दुखत नव्हतं. पण पोट आतून कोणी मुठीत धरावं तसं आवळलेलं होतं, आणि तिनं ते आवळलेलं आहे हे त्यानं सांगेपर्यंत तिला माहीतच नव्हतं. त्यानं उतरवलं, शंभर केलं. पुन्हा चढवलं. नव्वद केलं. दर वेळी तो एकच बघत होता, तिच्या फासळ्या हलतात की नाही. ऐंशीवर आणून हँडल थोडं वर घेतलं तेव्हा पाठ उभी झाली, कोपरं सैल पडली आणि तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. बराच वेळ ती पेडल मारत राहिली.

"पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?" त्यानं विचारलं. आवाजात काही नव्हतं. सीटची उंची किती, असं विचारावं तसं.

"सिझर."

"किती दिवस झाले?"

"पाच महिने."

"बाळ लहान आहे मग. रोज किती वेळ काढता येईल?"

"बाळ नाही. सातव्यात होतं. गेलं."

एवढं सगळं वाक्य तिनं आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं. लागलंच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना माहीत होतं. दाराशी उभे असलेले देवराव मागं वळले आणि रस्त्यावरच्या गाड्या पाहायला लागले.

संघदीपनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. 'अरेरे' म्हटलं नाही, 'देवाची मर्जी' म्हटलं नाही. वही ओढली आणि लिहिलं. ती सायकलीवरून उतरून शेजारी उभी राहिली तेव्हा तिला वही दिसली. खांदे ३८. हात ५६. सिझर, ५ महिने. स्टेम ८०. एकाखाली एक, एकाच अक्षरात, एकाच शाईत. तिनं ते दोनदा वाचलं.

"पुढचे सहा-आठ महिने पोटावर दाबून वाकू नका," तो म्हणाला. "नंतर खाली घेता येतं. आखूड स्टेमनं हँडल थोडं चंचल होईल, पहिले दोन-तीन दिवस जपा. तुमचं तुम्ही ठरवा. सायकल तुमची आहे."

देवराव आत आले. "एकशे दहाच पाह्यजे मोना. ऐंशी म्हणजे बायाच्या बाजार करायच्या सायकलीसारखं. तू तिच्यावर बसून पंजाबात गेलती."

"बाबा, तवा मी एकवीस वर्षाची होती."

"मंग काय झालं? आठ दिवस थांबू ना."

"मले वाकता नाही येत."

"येईन हळूहळू."

"बाबा." ती फार हळू बोलली. "मले आत श्वास नाही जात. थे बी नाही समजलं मले, यायनं सांगतलं तवा समजलं."

देवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ते स्टेमबद्दल नव्हतं हे तिला दिसत होतं. पण पाच महिने जे त्यांना जमलं नव्हतं ते सायकलच्या दुकानात कसं जमावं. शेवटी ते संघदीपकडं वळले. "बसवा ऐंशीचं. पण बोल्ट मी कसतो."

संघदीप हसला आणि त्यानं त्यांच्या हातात मोजून पीळ देणारा पाना दिला. पाचावर लावलेला, ठरलेला जोर झाला की 'टक्' वाजणारा. आगारात बत्तीस वर्षं हाताच्या अंदाजानं नटबोल्ट कसलेला माणूस तो. आधी त्यांनी पान्याकडं संशयानं पाहिलं. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं, कसत गेले. चौथ्या 'टक्'ला त्यांनी डोकं वर केलं. "एवढंच?"

"एवढंच काका. याच्यापुढं कसलं की तडकतं."

सायकल त्याच पिकअपमधून घरी गेली. देवराव स्टँडवरच उतरले, पांढरकवड्याची गाडी लागलेली होती. चढताना म्हणाले, "जपून चालव. हँडल नवं हाय हाताले." गाडी सुटेपर्यंत ते खिडकीत बसून पुढच्या सीटकडं पाहत होते.

दहा दिवसांनी दारव्ह्याच्या पत्त्यावर पुण्याहून एक खोकं आलं. एकशे दहाचं, सव्वीसचं, काळं स्टेम. देवरावांनी परस्पर संघदीपला सांगून मागवलं होतं. मोनालीनं फोन केला.

"बाबा, हे कायले?"

"ठेव. लागन."

"अन् नाही लागलं तर?"

"नाही लागलं तर राहू दे पडून. मले मागवाचं होतं."

ती रागावली नाही. रागवायला हवं होतं का, हाही विचार तिनं करून पाहिला. खोकं तिनं शिवणयंत्राच्या खणात ठेवलं.

मार्च लागला तशी ती आठवड्यातून तीनदा सकाळी बाहेर पडायला लागली. आधी पाच किलोमीटर, मग आठ. हँडल खरंच चंचल होतं. जरा शिंकलं तरी चाक वळायचं. शकुंतला रेल्वेच्या बंद रुळांवरून जाताना तर पार हादरायचं. हळूहळू हात शिकले. रुखमाबाईंनी दोन-तीनदा आडून विचारलं, "सायकलीच्या मानीचं कसं हाय?" म्हणजे तुझं कसं आहे, हे मोनालीला कळायचं. "बरं हाय," ती म्हणायची.

एका रविवारी ती बोरीच्या पुलापर्यंत गेली. अडाण नदीला पाणी कमी झालं होतं, मधे मधे वाळू उघडी पडलेली. पुलाच्या अलीकडं एक टपरी आहे, भागीरथाबाईंची. साठीची बाई, कपाळ मोकळं, कढईसमोर पाटावर बसून भजी तळत होती. मोनालीनं सायकल बाकाला टेकवली आणि एक प्लेट सांगितली. खाल्ली. मग आणखी एक सांगितली. दुसरी प्लेट अर्धी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मिरची तिखट आहे.

भागीरथाबाई सायकलीकडं पाहत होती. "दारव्ह्यावून आली काय बाई, हिच्यावर?"

"हो."

"घरचे येऊ देते?"

"देतात."

"लेकरं किती?"

हा प्रश्न तिला नवा नव्हता. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नात, कोणीही विचारायचं. ती 'नाही अजून' म्हणायची आणि समोरचा माणूस जीभ चावायचा, किंवा चावायचा नाही.

"एक झालं. गेलं," ती म्हणाली.

भागीरथाबाईनं झारा कढईवर आडवा ठेवला. "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"नाव ठेवलं होतं?"

"नाही. रडलीच नाही ती. आधीच गेलती."

"त काय झालं. ठेवाचं होतं नाव." बाईनं पुन्हा झारा उचलला, भजी उलटवली. "नाव असलं का बोलाले बरं पडते. नाही त मंग 'थे, थे' करत राहा लागते जिंदगीभर."

मोटारसायकलवरून तिघं उतरले, त्यांनी चहा मागितला, आणि बाई तिकडं वळली. मोनालीनं उरलेली भजी खाल्ली. ओढणीनं हात पुसले आणि ती निघाली. येताना वारा समोरून होता. तिनं वाकायचा प्रयत्न केला नाही. पाठ उभी ठेवून, वारा छातीवर घेत, सावकाश आली. घरी पोचायला सव्वानऊ झाले.

राजदीप अंगणात मोटारसायकल धूत होता. रुखमाबाई विहारात वंदनेला गेल्या होत्या. तिनं सायकल भिंतीला लावली, हेल्मेट काढलं आणि त्याच्यासमोर पायरीवर बसली.

"पोरीचं नाव ठेवायचं का आपण?" ती म्हणाली.

राजदीपच्या हातातून पाण्याचा पाइप सुटला नाही, पण पाणी एकाच जागी पडत राहिलं. त्यानं विचारलं नाही की कोणत्या पोरीचं. मग नळ बंद केला आणि ओले हात पॅंटला पुसत तिच्या शेजारी येऊन बसला.

"ठेव तू," तो म्हणाला.

"मले नाही सुचत."

"मलेही नाही सुचत."

दोघं बसून राहिले. तिला वाटलं, आता रडू येईल. तिनं वाट पाहिली. आलं नाही. राजदीपलाही आलं नाही. तो मोटारसायकलच्या चाकाखाली साचलेल्या पाण्याकडं पाहत होता. मग त्यानं, मान वर न करता, हळूच सांगितलं की कुठं पुरलंय. मामांच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर, बोरीच्या झाडापासून चार पावलं. वर दगड ठेवलाय. यंदा तिथं तूर होती, आता काढली.

"किती लांब आहे?" तिनं विचारलं.

"इथून? सतरा-अठरा किलोमीटर."

तिनं मनात हिशेब केला. पाऊण तास, वारा असला तर तास.

"एखाद्या दिवशी सांगा मले रस्ता," ती म्हणाली, आणि आंघोळीला पाणी तापवायला उठली.